शब्दपृच्छा : जुन्या वृत्तपत्रांतले ‘इंटेलिजन्स’

या वेळच्या टपालात एकाच इंग्रजी शब्दाभोवती फिरणारी चार पत्रे आली. पहिल्या पत्राने विषय उघडला आणि ते पत्र मित्रमंडळींत फिरल्यामुळे उरलेली तीन मागाहून आली, असे दिसते. म्हणून हे पूर्ण सदर त्या एका शब्दाला दिले आहे.

प्रश्न : सांगलीहून एक वाचक भगिनी लिहितात, “माझ्या आजोबांनी जपून ठेवलेली एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या आणि लंडनच्या इंग्रजी वृत्तपत्रांची काही बांधीव पाने माझ्याकडे आहेत. निवृत्तीनंतर मी त्यांची मराठी सूची करायला घेतली आहे. पानोपानी ‘लेटेस्ट इंटेलिजन्स’, ‘शिपिंग इंटेलिजन्स’, ‘नेव्हल अँड मिलिटरी इंटेलिजन्स’ असे मथळे भेटतात. भ्रमणध्वनीवरील भाषांतराने त्यांतील दुसऱ्या मथळ्याचे ‘नौवहन बुद्धिमत्ता’ असे रूपांतर करून दिले. माझ्या मुलाच्या मते हे सर्व हेरखात्याचे असावे. परंतु हेरांनी आणलेली माहिती कोणी वृत्तपत्रात छापील काय? सूचीत मी काय लिहावे?”

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि शेवटच्या प्रश्नातच तिचे निम्मे उत्तर आहे. या मथळ्यांत बुद्धीचा संबंध नाही आणि हेरांचाही नाही. जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत ‘इंटेलिजन्स’ म्हणजे बाहेरून येऊन पोहोचलेली खबर. ‘लेटेस्ट इंटेलिजन्स’ म्हणजे ताजी बातमी, ‘शिपिंग इंटेलिजन्स’ म्हणजे जहाजांच्या येण्याजाण्याची बातमी, आणि ‘नेव्हल अँड मिलिटरी इंटेलिजन्स’ म्हणजे आरमार व लष्कर यांच्याविषयीचे वृत्त. त्या शेवटच्या मथळ्याखालचा मजकूर आपण वाचून पाहिलात, तर अमुक अधिकाऱ्याची बढती, तमुक पलटणीची बदली, अमुक युद्धनौका दुरुस्तीसाठी गोदीत आली, अशा उघड छापण्याजोग्या गोष्टीच तेथे आढळतील. त्याच काळी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ‘युनिव्हर्सिटी इंटेलिजन्स’ आणि ‘एक्लिझिॲस्टिकल इंटेलिजन्स’ अशीही सदरे होती. पहिल्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या आणि नेमणुका असत, दुसऱ्यात धर्मगुरूंच्या नेमणुका. हेरगिरीचा अर्थ धरला तर ही दोन्ही सदरे समजणारच नाहीत.

मूळ लॅटिन क्रियापदात ‘मध्ये’ आणि ‘वेचणे’ असे दोन अंश आहेत. अनेक गोष्टींतून नेमकी गोष्ट वेचून घेणे, म्हणजे उमगणे, असा त्याचा भाव. तेथून एकमेकांना उमगणे, दोघांत समजुतीचे दळणवळण असणे, आणि अखेरीस त्या दळणवळणातून जे हाती येते ते, म्हणजे कळवलेली गोष्ट, असा अर्थाचा प्रवास झाला. इंग्रजीत हे फार लवकर, पंधराव्या शतकातच घडले. आज इंग्रजी शिकणाऱ्याला ही उडी लांबची वाटते, पण मराठी माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही. आपण ‘गणित कळले’ म्हणतो आणि ‘तुमच्याकडे लग्न असल्याचे कळले’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यातले कळणे बुद्धीचे आहे, दुसऱ्यातले खबरेचे. ‘कळवणे’ हे तर सरळ बातमी देण्याचे क्रियापद आहे आणि पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहिताना वाचणाऱ्याच्या बुद्धीची परीक्षा घ्यावी असे कोणाच्या मनात नसते. ‘समजणे’ या क्रियापदाचेही तसेच आहे. जुने ‘इंटेलिजन्स’ हे या ‘कळणे’चे नाम आहे असे धरून वाचावे, म्हणजे बहुतेक जागा आपोआप सुटतात.

आता आपल्या मुलाच्या तर्काकडे वळतो. या मथळ्यांपुरता तो चुकला असला, तरी शब्दाच्या इतिहासात त्याला जागा आहे, कारण सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये बातमी आणि हेरगिरी या दोन गोष्टी एकाच घरात राहत होत्या. राजेशाही मोडून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत जॉन थर्लो हा सचिव हेरांचे जाळे सांभाळत होता आणि 1655 पासून टपालखातेही त्याच्याच हाती होते. देशाबाहेरून आणि देशातून येणारी पत्रे त्याच्या माणसांच्या नजरेखालून जात. त्याच वर्षी मार्चमॉन्ट नीडम याने ‘पब्लिक इंटेलिजन्सर’ नावाचे साप्ताहिक काढले. ते सोमवारी निघे, आणि त्याचे आधीचे ‘मर्क्युरिअस पॉलिटिकस’ गुरुवारी. या पत्रांना परदेशची खबर सरकारी मार्गानेच मिळत असे. मला त्या साप्ताहिकाच्या नावातले ‘पब्लिक’ हे विशेषण फार बोलके वाटते. जी खबर राज्यकर्त्यांपुरती राहिली ती गुप्त आणि जिला लोकांत जाऊ दिले ती ‘पब्लिक’, पण दोन्हींना नाव एकच होते. फरक मालात नव्हता, तो कोणाच्या हाती जायचा यात होता.

राजेशाही परतल्यावर माणसे बदलली, परंतु रीत तीच राहिली. सर रॉजर लेस्ट्रेंज याच्याकडे छापखान्यांवर देखरेख ठेवण्याचे काम होते आणि बातम्या छापण्याचा मक्ताही त्यालाच मिळाला. 1663 मध्ये त्याने सोमवारी ‘इंटेलिजन्सर’ आणि गुरुवारी ‘न्यूज’ अशी दोन पत्रे सुरू केली. सामान्य लोकांना राज्यकर्त्यांच्या मसलती वाचायला मिळाल्या तर ते त्यांच्याशी नको तितकी सलगी करू लागतील, असे त्याचे मत होते आणि ते त्याने आपल्या पत्राच्या पहिल्याच अंकात मांडले. बातमी छापणाऱ्याने वाचकांना उद्देशून असे लिहावे, यावरून तेव्हाच्या ‘इंटेलिजन्स’वर सरकारची पकड किती घट्ट होती हे ध्यानात येते. पुढे नोव्हेंबर 1665 मध्ये ऑक्सफर्डला सरकारी गॅझेट निघाले, प्लेगच्या भीतीने लंडन सोडून गेलेला दरबार परतल्यावर ते ‘लंडन गॅझेट’ झाले, आणि लेस्ट्रेंजची दोन्ही पत्रे मावळली. त्या गॅझेटवर नजर ठेवणारा जोसेफ विल्यमसन याने गावोगावच्या टपालमास्तरांशी आणि जकात अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार जोडला होता. ते त्याला आपल्या भागाची खबर पाठवत आणि त्याच्या कचेरीतून त्यांना हस्तलिखित बातमीपत्र जात असे. दळणवळण हा या शब्दाचा जो मधला अर्थ मी वर सांगितला, तो या देवघेवीत डोळ्यांना दिसतो.

सरकारखालोखाल या शब्दाला जोपासले ते व्यापाऱ्यांनी. एडवर्ड लॉइड याच्या लंडनमधील कॉफीगृहात जहाजमालक, विमा उतरवणारे आणि सराफ जमत, कारण कोणते जहाज कोठे पोहोचले ही माहिती तेथे आधी मिळे. त्यातून पुढे ‘लॉइड्स लिस्ट’ हे पत्र आले, ज्याचे प्रकाशन 1734 पासून धरले जाते. आपल्या संग्रहातील ‘शिपिंग इंटेलिजन्स’ हे सदर त्याच कुळातले आहे. मुंबईसारख्या बंदराच्या वृत्तपत्राला त्या सदरावाचून चालणे शक्यच नव्हते. जहाजाचे नाव, कप्तानाचे नाव, निघाल्याचे बंदर, आल्याची तारीख, बरोबर आलेले उतारू, असा कोरडा वाटणारा तपशील त्यात असे. पण ज्याचा कापूस त्या जहाजात होता किंवा ज्याचा मुलगा त्यावर चढला होता, त्याच्या दृष्टीने अख्ख्या अंकात त्याहून मोलाचा मजकूर नव्हता. आपल्या सूचीत या याद्यांना एका ओळीत गुंडाळू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अशा यादीत ‘स्पोकन’ असा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ भर समुद्रात दुसऱ्या जहाजाशी गाठ पडून खुणांनी किंवा हाकेने बोलणे झाले, असा घ्यावा. अशा भेटीतून मिळालेली खबर पुढच्या बंदरात पोहोचे आणि तेथील पत्रात छापली जाई.

ही गोष्ट मुद्द्याची आहे. त्या काळी बातमी वृत्तपत्राने तयार करायची नसे, ती यायची असे. म्हणून ‘इंटेलिजन्स’बरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. ‘इंटेलिजन्स हॅज बीन रिसीव्ह्ड’, ‘इंटेलिजन्स हॅज रीच्ड अस’, अमुक जहाजाने ‘ब्रॉट इंटेलिजन्स’. प्रत्येक ठिकाणी आणणे, पोहोचणे, मिळणे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला इंग्लंडहून मुंबई गाठायला चार ते सहा महिने लागत. सुएझमार्गे जमिनीवरून आणि आगबोटीने टपाल येऊ लागले, तेव्हा 1840 च्या दशकात हा काळ महिना-सव्वामहिन्यावर आला. 3 नोव्हेंबर 1838 रोजी सुरू झालेल्या ‘बॉम्बे टाइम्स’ला, म्हणजे पुढील ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला, आपल्या पहिल्या वर्षांत याच टपालाची वाट पाहावी लागे. उलट दिशेनेही तसेच होते. मेरठची छावणी 10 मे 1857 रोजी पेटली आणि लंडनला ते कळायला जूनचा अखेरचा आठवडा उजाडला. तारयंत्र होते, पण भारतापर्यंत सलग तार नव्हती, त्यामुळे खबर काही मजल बोटीने आणि काही मजल तारेने पोहोचली.

तारेमुळे या शब्दाला शेवटची मोठी भरती आली. डोव्हर आणि कॅले यांच्यामध्ये 1851 मध्ये समुद्राखालून तार टाकली गेली आणि लंडनच्या ‘टाइम्स’मधील ‘लेटेस्ट इंटेलिजन्स’ या मथळ्याखाली ती खबर समुद्री तारेने आल्याचा उल्लेख दिमाखाने येऊ लागला. आपल्याकडील पाने 1865 नंतरची असतील तर भारतातही तसाच उल्लेख सापडेल, कारण त्या वर्षी इराणी आखातातून जाणाऱ्या तारेने भारत युरोपशी जोडला गेला. 1866 मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेचे प्रतिनिधी हेन्री कॉलिन्स यांनी मुंबईत कचेरी उघडली आणि 1870 मध्ये मुंबईपर्यंत थेट समुद्री तार आली. त्या जुन्या अंकांत टपालाने आलेली सविस्तर खबर आणि तारेने आलेली दोन ओळींची खबर अनेकदा उलट्या क्रमाने भेटते, कारण दोन ओळी आधी येत आणि त्यांचा खुलासा करणारे पत्र काही आठवड्यांनी येई. सूची करताना हा घोळ ध्यानात ठेवावा.

उघड खबर आणि लष्करी खबर यांची टक्कर कोठे झाली असेल, तर ती ब्रिटन व त्याचे मित्र रशियाशी लढले त्या क्रिमियाच्या युद्धात. ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याने बालाक्लाव्हाच्या 25 ऑक्टोबर 1854 च्या लढाईचे जे वर्णन पाठवले, ते 14 नोव्हेंबरच्या अंकात छापून आले. त्याच्या पत्रांतून सैन्याचे हाल, रोगराई आणि व्यवस्थेतील ढिलाई घरोघर पोहोचली. सेनापती लॉर्ड रॅग्लन यांची तक्रार अशी होती की, इंग्रजी वृत्तपत्रे छावणीची जागा, तोफा, दारूगोळा सगळे छापत असतील, तर शत्रूला हेरखात्यावर एक पैसाही खर्च करण्याचे कारण उरत नाही. फेब्रुवारी 1856 मध्ये त्यांच्या जागी पुढे आलेल्या जनरल कॉड्रिंग्टन यांनी शत्रूच्या उपयोगी पडेल असा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई करणारा हुकूम काढला. मला हा प्रसंग या शब्दाच्या आयुष्यातला कळीचा वाटतो. नीडमच्या काळी एकाच टेबलावरून खबरेचे दोन वाटे होत. क्रिमियात हे दोन वाटेकरी आमनेसामने उभे राहिले, आणि वाचकाला कळणे हे लष्कराला शत्रूला कळण्यासारखे वाटू लागले. तेथून पुढे एकच नाव दोघांना पुरणे कठीण होते.

1873 मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने आपल्या एका शाखेला ‘इंटेलिजन्स ब्रँच’ असे नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिमापन सुरू केले. फ्रान्समध्ये बिने याची चाचणी 1905 मध्ये आली आणि बुद्ध्यंकाची कल्पना जर्मनीत स्टर्न याने 1912 मध्ये मांडली. त्यानंतर दोन महायुद्धे झाली. एका बाजूने हेरखाते आणि दुसऱ्या बाजूने बुद्धिमापन यांनी ओढल्यावर मधला, बातमीचा अर्थ रोडावला आणि ‘न्यूज’ या आटोपशीर शब्दाने ती जागा घेतली. मथळ्याला अक्षरे कमी लागतात, हेही एक साधे कारण आहेच. तरीही ‘युनिव्हर्सिटी इंटेलिजन्स’सारखी सदरे विसाव्या शतकातही काही काळ टिकली. मथळ्यातला शब्द बोलण्यातल्या शब्दापेक्षा सावकाश मरतो.

आपल्या सूचीसाठी माझी सूचना अशी. मथळा देवनागरीत जसाच्या तसा लिहावा आणि त्यापुढे ‘वृत्त’ हा शब्द योजावा : ‘ताजे वृत्त’, ‘जहाजांचे वृत्त’, ‘आरमारी व लष्करी वृत्त’. मजकुरातल्या वाक्यांत मात्र ‘खबर आली’, ‘कळले’, ‘वर्तमान पोहोचले’ असे म्हणावे. एखादी जागा संशयाची वाटली, तर पुढे ‘ऑफ’ आणि घटनेचे नाव आहे का ते पाहावे. ‘इंटेलिजन्स ऑफ द बॅटल’ म्हणजे लढाईची खबर. पण ‘अ मॅन ऑफ इंटेलिजन्स’ असे आले, तर तो बुद्धिमान गृहस्थ आहे. तेव्हाही हा दुसरा अर्थ चालू होता आणि एकाच पानावर दोन्ही भेटू शकतात.

प्रश्न : पुण्याहून पत्रकारितेचे एक विद्यार्थी विचारतात, “अमेरिकेत काही वृत्तपत्रांच्या नावातच ‘इंटेलिजन्सर’ असते, ते याच अर्थाने काय? आणि न्यूयॉर्कच्या जुन्या जाहिरातींत ‘इंटेलिजन्स ऑफिस’ दिसते, ती वृत्तपत्राची कचेरी की पोलिसांची?”

उत्तर : नावांविषयीचा तर्क बरोबर आहे. ‘इंटेलिजन्सर’ म्हणजे खबर आणणारा. वॉशिंग्टनमध्ये 1800 साली ‘नॅशनल इंटेलिजन्सर’ सुरू झाले आणि अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजाचे वृत्त मिळवण्यासाठी लोक कित्येक दशके त्यावर विसंबून होते. सिएटलच्या ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’चा छापील अंक 17 मार्च 2009 रोजी शेवटचा निघाला आणि ते केवळ संगणकीय रूपात उरले. वृत्तपत्रांची नावे हे मेलेल्या अर्थांचे उत्तम संग्रहालय असते. आपल्याकडे ‘समाचार’ हा शब्द मराठीत रोजच्या वापरात बातमीसाठी फारसा नसूनही पत्रांच्या नावांत तो आढळतो, त्यातलाच हा प्रकार.

‘इंटेलिजन्स ऑफिस’ मात्र आपण दिलेल्या दोन्हींपैकी एकही नाही. ती घरकामाला माणसे मिळवून देणारी कचेरी होती. स्वयंपाकीण, दाई, मोलकरीण, गाडीवान यांनी तेथे नाव नोंदवायचे आणि गरजू घरमालकांनी चौकशी करायची. कोणाला काय हवे आहे याची खबर एका जागी ठेवणे, हाच तेथे ‘इंटेलिजन्स’चा अर्थ. जर्मनीत तर या अर्थाची वृत्तपत्रेच होती. अठराव्या शतकात तेथे ‘इंटेलिगेन्झब्लाट’ नावाची पत्रे शहराशहरांतून निघत आणि त्यांत घर विकणे आहे, नोकर पाहिजे, लिलाव आहे, सरकारी फर्मान निघाले आहे, असाच मजकूर भरलेला असे. प्रशिया या जर्मन राज्यात 1727 पासून राजाने अशी पत्रे सुरू केली आणि जाहिराती आधी त्यांतच दिल्या पाहिजेत अशी सक्ती झाली. त्यातून सरकारी तिजोरीत भर पडे. छोट्या जाहिराती हा आपण वृत्तपत्राचा दुय्यम भाग मानतो, पण या पत्रांच्या वाचकाच्या लेखी तीच खबर होती, आणि मला त्याचे म्हणणे पटते.

प्रश्न : डोंबिवलीचे एक वाचक विचारतात, “कृत्रिम बुद्धिमत्तेतील ‘इंटेलिजन्स’चा या जुन्या अर्थाशी काही संबंध आहे काय?”

उत्तर : नाही. ते नाव संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये अमेरिकेतील डार्टमथच्या परिषदेसाठी लिहिलेल्या प्रस्तावात आले आणि त्यात बुद्धी हाच अर्थ अभिप्रेत आहे. जुना अर्थ जिवंत पाहायचा असेल, तर व्यापारी कंपन्यांतील ‘बिझनेस इंटेलिजन्स’ पाहावे. विक्रीचे आणि बाजाराचे आकडे गोळा करून मालकापर्यंत पोहोचवणे, हे काम लॉइडच्या कॉफीगृहाच्या बरेच जवळचे आहे.

प्रश्न : बेळगावहून एक निवृत्त शिक्षक लिहितात, “आपल्या भाषेत बातमी आणि हेरगिरी यांचे असे एकत्र नांदणे कधी होते काय? असल्यास पुढे कोणता शब्द कोणीकडे गेला?”

उत्तर : होते, आणि गुरुजी, आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. ‘बातमीदार’ हा शब्द घ्या. आज तो वृत्तपत्राच्या माणसाला लावतो, परंतु मराठेशाहीच्या कागदांत बातमीदार म्हणजे शत्रूच्या मुलखातली हालचाल कळवणारा माणूस. ‘जासूद’ या शब्दाचे तर दोन्ही बाजूंनी नाते होते. पत्र घेऊन धावणारा तो जासूद आणि खबर काढून आणणाराही जासूद. बहिर्जी नाईकांना आपण आज हेर म्हणतो, बखरीच्या भाषेत ते जासूद. म्हणजे इंग्रजी ‘इंटेलिजन्सर’ जसा हेरही होता आणि बातमीपत्रही, तसेच आपल्याकडे होते. दरबारांचेही तसेच होते. अठराव्या शतकात पुण्याच्या दरबारातल्या घडामोडींचे फारसी अखबार हैदराबादला जात, आणि ‘अखबार’ हाच शब्द पुढे उत्तरेत छापील वृत्तपत्रासाठी रूढ झाला.

व्यापाऱ्यांची खबर सरकारी खबरेच्या आधी पोहोचणे हेही आपल्याला परके नाही. 14 जानेवारी 1761 च्या पानिपतच्या संहाराचे वर्तमान उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, या सावकाराच्या भाषेत विश्वासराव, भाऊसाहेब, सरदार आणि शिपाई यांचा हिशेब होता. लॉइडच्या कॉफीगृहातल्या माणसाने या पत्राला ‘कमर्शियल इंटेलिजन्स’ म्हटले असते आणि सेनापतीने ‘मिलिटरी इंटेलिजन्स’. पेढीवरच्या माणसाने ते लिहिले ते आपल्या दुसऱ्या पेढीला सावध करण्यासाठी.

पुढे शब्दांची वाटणी कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. ‘वर्तमान’ म्हणजे जे घडत आहे ते, म्हणून त्याची खबर, म्हणून ती देणारे ‘वर्तमानपत्र’. आज एकट्या ‘वर्तमान’चा अर्थ चालू काळ असाच उरला आहे आणि शाळेतला मुलगा वर्तमानपत्र म्हणजे चालू काळाचे पत्र असे सांगतो. ते पुरते चूक नाही, पण जुन्या पत्रांतले ‘वर्तमान’ तो ‘बुद्धिमत्ता’ वाचणाऱ्या यंत्रासारखेच चुकीचे वाचील. बातमीदार हेरांच्या गोटातून निघून वृत्तपत्रात आला. इंग्रजी ‘इंटेलिजन्स’ वृत्तपत्रातून निघून हेरांच्या गोटात गेले. आणि जेव्हा त्या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देण्याची वेळ आली, तेव्हा आपण ‘गुप्तवार्ता’ शब्द केला. महाराष्ट्राच्या गृहखात्यातील ‘राज्य गुप्तवार्ता विभाग’ या पाटीवर तो रोज दिसतो. त्यातील ‘गुप्त’ झाकले, तर खाली ‘वार्ता’ उरते, म्हणजे सांगलीच्या भगिनींच्या पानांवरचा अर्थ उरतो. हा शब्द घडवणाऱ्याने इंग्रजी शब्दाचे पोट नीट तपासले होते, असे मी आदराने म्हणेन.

एक शेवटची गोष्ट, कारण ती आपल्या भागातल्या संशोधकांना नेहमी भेटते. 1860 च्या दशकापासून मुंबई सरकार देशी भाषांतील वृत्तपत्रांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला करवून घेत असे. ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’, पुढे 1881 पासून ‘केसरी’, यांतील मजकूर भाषांतरकाराच्या लेखणीतून सरकारच्या टेबलावर जाई. पोलिसांचेही स्वतंत्र साप्ताहिक टिपण होते आणि त्याचे नाव होते ‘ॲबस्ट्रॅक्ट ऑफ इंटेलिजन्स’. कोणत्या गावी सभा झाली, कोण बोलले, किती लोक जमले, अशा नोंदी त्यात असत. म्हणजे मराठी पत्राने ज्याला बातमी म्हणून छापले, ते सरकारी दप्तरात गेल्यावर ‘इंटेलिजन्स’ झाले, आणि आज त्याच दप्तरांतून आपण त्या सभांचा इतिहास लिहितो. 1897 आणि 1908 च्या टिळकांवरील खटल्यांत मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरावरून वाद झाले, हे आपणास ठाऊक असेलच. म्हणून बेळगावात किंवा पुण्यात बसून कोणी या टिपणांचे मराठी करील, तर त्याने तेथे ‘गुप्तवार्ता’ हाच शब्द वापरावा, ‘वृत्त’ नव्हे. सांगलीच्या पानांवर तोच शब्द ‘वृत्त’ होता, कारण ती पाने वाचकांसाठी छापली होती आणि ही टिपणे वाचकांपासून दूर ठेवण्यासाठी लिहिली होती.